रकाना क्रमांक सात

वाळपईच्या ऑफिसातून निघताना बॅगेत टाकलं:
लसीचा थर्मास, पंधरा फुटी टेप, सतरा फॉर्म,
आणि कोष्टक, जे आता मला झोपेतही येतं.
ब्रॉयलर, एक चौरस फूट.
अंड्यांची कोंबडी, तुसाच्या गादीवर, दोन.
बदकाला तीन, टर्कीला पाच.
लाव्ह्या तर एकाच फुटात पाच बसतात,
आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीला मिळते
या फॉर्मच्या कागदाहून कमी जागा.
हे शेवटचं कुणी विचारत नाही,
म्हणून मी सांगत नाही.

सकाळी होंड्याला कस्टोडिओ फेर्रांवची शेड पाहिली.
चार हजार फूट, चार हजार पक्षी.
पंखे चालू, पाणी स्वच्छ, तूस कोरडं.
एकही चूक नाही.
बेचाळिसाव्या दिवशी ट्रक येतो, तोही वेळेवर.
शेरा लिहिला: समाधानकारक.
चहा प्यायलो.

म्हाऊसला देवकी माजिक अंगणात सुपारी सोलत होती.
कोंबड्या किती?
"सकाळी चौदा होत्या."
खुराडं कुठं?
हात सुपारीत गुंतलेले, तिनं हनुवटीनं दाखवलं,
गोठ्यामागच्या भिरंडीकडं. वर.
मी टेप काढली तशी हसली:
"कितें मेजतले तुमी? फांटयो काय पानां?"

मी तरीही जमीन मोजायला घेतली. नोकरी आहे.
अंगण संपून काजू लागले,
तिचे काजू संपून दिराचे लागले, कुंपण पडलेलं,
पुढं ओहोळ, आणि ओहोळापलीकडं
वनखात्याचा चुना लावलेला दगड.
त्या दगडावर तिचा कोंबडा उभा राहून
दोन्ही बाजूंना आरवत होता.
टेप पहिल्या काजूपाशीच संपली होती.

"गेल्या वर्साक काटांदोरान तीन व्हेल्यो," ती म्हणाली.
एकीचं नाव तिला आठवलं, मग दुसरीचं.
तिसरीला नाव ठेवायचंच राहून गेलं होतं.
होंड्याच्या शेडमध्ये काटांदोर शिरत नाही,
हे मला माहीत होतं. बोललो नाही.

लस टोचायची तर त्या खाली हव्यात,
आणि खाली एकही थांबेना.
"तिनसांजे येतल्यो," म्हणून तिनं मला व्हरांड्यात बसवलं,
सोलकढी दिली. मी फॉर्म सोप्यावर पसरून
एक ते सहा भरले, आठ ते बारा भरले.

मग त्या चढू लागल्या.
आधी गोठ्याचं कौल, मग खुंट, मग फडफड,
मग शिव्या, भांडण, चोच.
आणि अंधार पडेस्तोवर पाच फुटांच्या एकाच फांदीवर
नऊ जणी, पंखाला पंख घासून.
बाकीचं झाड रिकामं.
मी मनात भागाकार केला,
पुन्हा केला.
जागा मागायला शिकवलेलं माझं कोष्टक
त्यात कुठंच लागेना.

चार जणी वरच्या फांदीवर, म्हणजे तेरा.
देवकी बॅटरी घेऊन गोठ्यामागं गेली,
बा बा बा बा,
आवाज ओहोळापर्यंत जाऊन परत आला.
तिच्या बॅटरीचा उजेड दगडावर पडला,
बराच वेळ तिथंच राहिला.

चौदावी सोप्यावर होती.
माझ्या फॉर्मवर, रकाना सातवर पोट टेकून,
एक डोळा मिटलेला.
पुढं छाती, मागं शेपटी, दोन्ही कडांबाहेर.
कागद संपला होता, ती संपली नव्हती.
देवकी आली, बघितलं,
आणि तिनं पहिल्यांदाच श्वास सोडला, जोरात.
तिला उचलली तेव्हा कागद ऊबदार होता.
आणि ओला.

सोमवारी साहेबांनी फॉर्म दोन बोटांत धरून परत केला:
डाग कसला, आणि सात रिकामा का?
मी पेन काढलं. प्रति पक्षी उपलब्ध जागा,
त्यापुढच्या टिंबांवर लिहिलं
जे खात्याच्या भाषेत लिहिता येतं ते:
पुन्हा भेट आवश्यक. संध्याकाळी.